बॅगांपाशी कोण बसणार?

भांडण पेटलं ते बॅगांवरून.

रविवारची दुपार होती आणि मिरजेत शिंत्र्यांच्या घरी दिवाळीच्या सहलीची बैठक बसली होती. समोरची भिंत नकाशानं उजळली होती. मिरजेपासून निघालेली हिरवी रेघ साताऱ्यावरून पुण्याला आणि तिथून घाट उतरून थेट गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत गेली होती. तिच्यावर चार ठिपके लुकलुकत होते. चार ठिपके म्हणजे चार रोलर कोस्टर. रस्ता, मुक्काम, नाश्त्याची ठिकाणं, कुठं सकाळच्या रांगेत उभं राहायचं आणि कुठं उन्हं कलल्यावर, सगळी आखणी वैजयंतीची. महिनाभर ती त्यातच बुडाली होती. 'सापसुरळी', 'गरगरा', 'उलटी गंगा' आणि शेवटी 'कडेलोट'. हा कडेलोट खंडाळ्याच्या घाटात, म्हणजे खरं तर जातानाच लागणारा. पण तिनं तो मुद्दाम परतीच्या वाटेवर ठेवला होता. आधीच श्रीखंड वाढलं की मग वरणभाताला कोण विचारतो, असं तिचं म्हणणं.

"झकास झालंय," तिचा मुलगा निनाद म्हणाला. "बॅगांचं तेवढं बघायला पाहिजे. लॉकर सगळीकडे गेटपाशी आहेत आणि तिथून कोस्टरपर्यंत ही लांब चाल." मग स्वतःच हसला. "पण आपल्याला काय प्रॉब्लेम आहे म्हणा. आई आहे की बॅगांपाशी."

त्याची बायको ऋतुजा मोबाईलमध्ये पाहू लागली. वैजयंतीचा नवरा शशिकांत चहाच्या कपात पाहू लागला. त्यावरून वैजयंतीला कळलं, हे वाक्य घरात आज पहिल्यांदा बोललं गेलेलं नाही. तिच्या माघारी ते बोलून आणि ठरवूनही झालं आहे.

"आई बॅगांपाशी म्हणजे?"

"म्हणजे तू बसशील ना सावलीत. बाक असतात छान. एखादं पुस्तक घे."

"कोस्टर मी शोधले. रस्ता मी आखला. आणि मी बाकावर बसून पुस्तक वाचू?"

"आई, अगं तुझं बिंब..."

"घाल ते बिंब चुलीत!"

प्रत्येक घरच्या सहलीत एक बाई बॅगांपाशी बसलेली असते. बाकीचे बोटीत बसतात, गडाचा शेवटचा टप्पा चढतात, समुद्रात उतरतात. ती चपला, चष्मे आणि चिवड्याचा डबा राखत बसते आणि सगळे ओलेचिंब होऊन परतले की विचारते, "कसं होतं?" निनाद लहानपणी उड्या मारत यायचा आणि म्हणायचा, "बसल्याशिवाय नाही कळायचं, आई!" आणि पुन्हा पळायचा. बॅगांपाशी बसणाऱ्या बाईला कुणी नेमत नाही. ती आपोआप ठरलेली असते, म्हणून तिला नाही म्हणायची सोयही नसते.

वैजयंती मुळात अशी बसणारी नव्हे. मीरासाहेबांच्या उरुसात आकाशपाळणा लागला की ही शाळकरी पोर सगळ्यात वरच्या पाळण्यात उभी राहायची आणि खालून तिची आत्या "पड गं बये, पड, म्हणजे सुटलो आम्ही!" म्हणून ओरडायची. लग्नानंतर महिन्याभरात शशिकांत तिला पहिल्यांदा कोस्टर दाखवायला घेऊन गेला. पहिल्याच वळणावर त्याच्या पोटातलं सगळं वर आलं. उरलेला दिवस तो पर्स पोटाशी धरून बाकावर पडून राहिला आणि ही एकटी पुन्हा पुन्हा बसून आली. घसरायच्या आधी पोटात जो खड्डा पडतो, त्या क्षणी तिला काही म्हणजे काही आठवत नसे. घर नाही, दार नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. तेवढ्यासाठी ती जीव टाकायची. पण मग निनाद झाला. तो मोठा झाला की जाऊ, त्याची बारावी झाली की जाऊ, नोकरी लागली की जाऊ, असं करता करता केस पिकले. नोकरी लागली, लग्नही झालं आणि त्याच वर्षी घरात बिंब आलं.

देहबिंब हे त्याचं कागदावरचं नाव. लोक नुसतं बिंब म्हणतात. माणसाला एका बंद खोलीत निजवतात, शरीराची आतून-बाहेरून चित्रं घेतात, रक्त तपासतात, हृदयाच्या स्नायूतून वीज कुठून कुठं धावते ते टिपतात. या सगळ्यातून संगणकात तुमचाच एक देह उभा राहतो. तुमच्याच नसा, तुमचंच रक्त, चेहराही तुमचाच. मग जे तुमच्यावर करून पाहणं धोक्याचं, ते त्याच्यावर करून पाहायचं. औषध आधी बिंबाला द्यायचं, शस्त्रक्रिया आधी बिंबावर करायची. कल्पना सोन्यासारखी होती. त्यामुळे कितीतरी माणसं वाचली, हे वैजयंतीही नाकारत नव्हती. पण असा बोलका पुरावा एकदा हाताशी आला की तो दवाखान्यातच कशाला थांबेल? गाड्यांच्या कंपन्या म्हणाल्या, चालवणाऱ्याचं बिंब दाखवा. पार्कवाले म्हणाले, बसणाऱ्याचं दाखवा. आता कोस्टरच्या फाटकापाशी कुणी उंची मोजत नाही. आधी तुमचं बिंब त्या कोस्टरवर बसतं. ते धडधाकट खाली आलं तर तुमच्यासाठी फाटक उघडतं.

शिंत्र्यांच्या घरात तीन वर्षांपूर्वी चौघांची बिंबं झाली. तिघांची हिरवी आली, वैजयंतीचं लाल. ताण पडला की हृदयाचे ठोके बिनसतात, असा निर्णय. तिला आयुष्यात साधी धाप लागली नव्हती. पण डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. पडद्यावरच्या बिंबाची नाडी पाहिली आणि ठोके आवरणारी गोळी लिहून दिली. गोळीनं ती दिवसभर पेंगुळलेली असायची. मनगटावरचा पट्टा बिंबाला कळवायचा की बाईंची नाडी मंद आहे. बिंब म्हणायचं, बघा, मी सांगतच होते. एखाद्या दिवशी तिला तरतरी आली, जिने भराभर चढले, तर पट्ट्यावर अक्षरं उमटायची, 'लक्षणं दबलेली आहेत.' छापा पडला तरी त्याचा आणि काटा पडला तरी त्याचाच.

मग एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत गेली. लोणचं गेलं, उपास गेले, गच्चीत जाणं गेलं. गाडी तर तिला ओळखून सुरूच होईना. ज्या बाईनं अंकलीच्या पुलापलीकडच्या रस्त्यावर निनादला गिअर टाकायला शिकवलं, ती आता मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायची. तिनं काही हातात घेतलं की घरातून कुणीतरी म्हणायचंच, "आई, तू राहू दे." किती मायेनं म्हणायचे! तीन वर्षं ती हे 'राहू दे' ऐकत होती आणि बिनबोभाट राहूही देत होती. या सहलीची आखणी तेवढी तिनं राहू दिली नव्हती.

"निदान सापसुरळीवर तरी," ती आता म्हणाली. "त्यावर चौथीतली पोरं बसतात. बसवून बघ की माझं बिंब एकदा."

निनादनं नकाशा उगाच मोठा केला.

"बसवून बघ म्हणते ना."

"बसवलंय," तो म्हणाला. "महिनाभर तेच करतोय, आई. तू इकडे रस्ता आखत होतीस ना, तेव्हा मी रोज ऑफिसातून तुला... म्हणजे त्याला बसवत होतो. सकाळी, संध्याकाळी. पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर. वेग कमी करून, हवा थंड करून. शेकडो वेळा केलं असेल. वाटलं, एक तरी अशी सापडेल, की तुला सांगता येईल."

"आणि?"

"ते थांबतं."

"थांबतं म्हणजे काय होतं?"

उत्तर ऋतुजानं दिलं, अगदी हळू आवाजात. "जातात, आई. प्रत्येक वेळी."

वैजयंतीच्या कानशिलाशी काहीतरी तडतडायला लागलं. मनगटावरचा पट्टा थरथरला, 'कृपया शांत व्हा'. तिनं तो उपसून सोफ्यावर फेकला.

"म्हणजे महिनाभर तू मला रोज मारतोयस," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी घरी येऊन विचारतोयस, आई, भाजी काय केलीस?"

"आई! तुझ्यासाठीच करत होतो ना!" निनादचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. पोराचा जीव आहे आपल्यावर, हे तिला दिसत होतं आणि त्यानं तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. परक्याला चार शिव्या हासडता येतात. मायेनं गळा आवळणाऱ्याला काय म्हणायचं?

"दाखव मला."

"नको."

"देह माझा, मरण माझं आणि बघायची चोरी? दाखव म्हणते ना. कडेलोटवरचं दाखव."

चौघांचीही बिंबं उघडायची तर खातेप्रमुखाचा अंगठा लागे. खातेप्रमुख निनाद होता. त्यानं शशिकांतकडे पाहिलं, शशिकांतनं खांदे उडवले, तेव्हा कुठं त्यानं अंगठा टेकवला. भिंतीवरचा नकाशा गेला आणि तिथं वैजयंती आली.

करड्या अंगरख्यातली, केस मागं बांधलेली वैजयंती. पहिल्या डब्यात पहिल्या सीटवर बसलेली, मांडीवरची दांडी दोन्ही हातांनी धरलेली. डबा कुरकुरत वर चढला. शिखरावर गेला, क्षणभर थबकला आणि सुटला. सुटताना वजन नाहीसं होतं, माणूस सीटवरून अधांतरी उचलला जातो. तोवर बिंब ठीक होतं. घात होता तो तळाशी. तिथं डबा वळण घेऊन पुन्हा वर उसळतो आणि माणसाचं वजन काही क्षण चौपट होतं. रक्तही चौपट जड होतं आणि पायांकडे धावतं. डोक्याला रक्त पुरवायचं म्हणून हृदय जोरानं पंप मारतं. धडधाकट हृदयाला एवढं सहज जमतं. भिंतीवरच्या वैजयंतीच्या हृदयाची रेघ तळाशी आल्यावर आधी दाटली, मग वेडीवाकडी झाली, मग सपाट. मान छातीवर पडली. डबा तसाच तिला घेऊन उरलेली वळणं फिरला आणि फलाटाला लागला. खाली अक्षरं आली, 'पुन्हा प्रयत्न करायचा?'

ऋतुजानं मोबाईल पालथा ठेवला.

"पुन्हा लाव," वैजयंती म्हणाली.

"वैजू, पुरे झालं," शशिकांत म्हणाला. "कशाला स्वतःला त्रास करून घेतेस?"

"तुम्ही चहा प्या हो. निनाद, लाव."

डबा पुन्हा चढला. ती या वेळी रेघेकडे बघत नव्हती, त्या बाईकडे बघत होती. राग येत होता तो त्या बाईचाही. काय हे ध्यान, कसली ही ओढलेली, सुकलेली! डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. मी अशी दिसते? कधी दिसत होते मी अशी? शिखरावर वजन नाहीसं झालं, तसे बिंबाचे दोन्ही हात दांडीवरून सुटले आणि आपसूक वर तरंगले. तळहात समोर आले.

"थांबव! तिथंच थांबव. हात मोठा कर तो."

निनादनं चित्र मोठं केलं. तळहातावर मेंदी होती. गर्द रंगलेली. मधोमध मोर, पिसारा सुरेख उमटलेला आणि मान मात्र फिसकटून बाजूला गेलेली.

"अय्या," ऋतुजाच्या तोंडून निघून गेलं. "हा तर माझा मोर! मी मान काढत होते आणि दाराची बेल वाजली, तुम्ही एकदम उठलात..."

"कधी?"

"लग्नानंतरची पहिली हरतालिका होती माझी. आदल्या दिवशी काढली होती तुमच्या हातावर." ऋतुजा थांबली. "त्यानंतर तुम्ही मेंदी कधी लावलीच नाहीत."

लावणार कशी? उपासच बंद झाला, तिथं मेंदी कसली. वैजयंती उभी राहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं तीन वर्षांत त्या हाताकडेच कुणी पाहिलं नव्हतं.

तो दिवस तिला लख्ख आठवला. दुसऱ्या दिवशी गणपती यायचे. आदली रात्र मखर लावण्यात गेलेली, डोळ्याला डोळा नाही. पहाटेपासून गॅसपुढे उभी राहून करंज्या तळल्या, मोदकांचं सारण केलं. भाद्रपदातला उकाडा, अंगातून घामाच्या धारा. आणि हरतालिकेचा उपास तिचा पहिल्यापासून कडकडीत. अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. दुपारी निनादचा फोन आला होता, "आई, बिंबाच्या खोलीत चारचा नंबर मिळतोय. उपाशीपोटीच यायला सांगितलंय आणि तू तर आज उपाशी आहेसच. एका दगडात दोन पक्षी!" घरातल्या सगळ्यांना ही केवढी सोय वाटली होती. तिलाही वाटली होती. तिथल्या मुलीनं विचारलं होतं, "काकू, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" आणि हिनं ताठ मानेनं सांगितलं होतं, "थेंबसुद्धा नाही!" मुलगी म्हणाली होती, "वा, सगळे पेशंट असे पाहिजेत."

उपाशीपोटी म्हणजे पाणी प्यायला हरकत नव्हती. पण ते कुणी सांगितलं नाही आणि हरतालिकेच्या दिवशी सांगितलं असतं तरी ती प्यायली नसती.

तिनं हे सगळं घडाघडा सांगितलं. शशिकांत म्हणाला, "अगं पण उपासानं काय होतंय? बायका पिढ्यान्‌पिढ्या करतात."

"करतात. आणि दुसऱ्या दिवशी सोडतात!" वैजयंतीचा आवाज चढला. "माझा उपास सकाळी सुटला अहो. हिचा सुटलाच नाही. तीन वर्षं ही बाई पाण्याच्या थेंबावाचून बसलीय आणि तुम्ही हिला उचलून उचलून कडेलोटवर टाकताय!"

निनाद बधिर होऊन पडद्याकडे बघत होता. तो शिकलेला पोरगा, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. घामातून पाणी गेलं, पाण्याबरोबर क्षार गेले. हृदयातली वीज या क्षारांवर तर चालते. रक्तच आटलेलं असल्यावर तळाशी चौपट वजनाला हृदय पंप मारणार कशाचा?

"पण सिस्टिमला कळायला पाहिजे होतं," तो पुटपुटला.

"पट्टा नाडी मोजतो, पाणी नाही. सिस्टिमला हरतालिका काय ठाऊक? तुला ठाऊक होती ना?" ती म्हणाली. "पाणी पाज तिला."

"काय?"

"पाण्याचा आकडा असेल ना कुठंतरी? वाढव तो. क्षार वाढव. रात्रभर झोप दे. आणि मग बसव."

मूळ बिंबाला हात लावता येत नव्हता, पण 'समजा' म्हणून असं करून पाहता येत होतं. महिनाभर निनाद तेच तर करत होता. त्यानं कोस्टरचा वेग बदलला होता, सीट बदलली होती, हवा बदलली होती. आईत काही बदलून पाहावं, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्यानं आकडे उघडले. पाणी भरलं. क्षार भरले. एका रात्रीची झोप दिली. भिंतीवरच्या बाईच्या ओठांच्या भेगा मिटल्या.

डबा चढला. शिखरावर हात वर तरंगले, मोडक्या मानेचा मोर हवेत गेला. डबा कोसळला. तळाशी रेघ दाटली, दाटली आणि तशीच ठाम धावत राहिली. वळण झालं, गिरकी झाली, दुसरी गिरकी झाली. डबा फलाटाला लागला तेव्हा बाई ताठ बसलेली होती आणि फाटकावर हिरवा दिवा होता.

ऋतुजानं टाळी वाजवायला हात उचलले आणि सासूचा चेहरा बघून खाली घेतले.

"एक तांब्याभर पाणी," वैजयंती म्हणाली. "एवढंच पाहिजे होतं तिला. माझं मीठ काढलंत, गाडी काढलीत, गोळ्या घालून झोपवलंत. नाडी पट्ट्याला विचारलीत, झोप पट्ट्याला विचारलीत. तीन वर्षांत एकानं, एकानं तरी मला विचारलं का, की बाई गं, तुला काय होतंय?"

"आम्हाला काळजी..."

"काळजी! काळजी करायला माणसासमोर बसावं लागतं. तुम्ही भिंतीची काळजी करत होतात."

शशिकांतनं कप खाली ठेवला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. "मला एक सांगू का वैजू," तो म्हणाला. "तू घरात असायचीस, बरं वाटायचं मला. पूर्वी सारखं तुझं चल इकडे, चल तिकडे. मला नाही झेपायचं ते. बिंबानं परस्पर तुला बसवलं, तर मी म्हटलं... राहू दे."

हे ऐकून ती संतापली. रडू आलं, तेही रागाचंच. निनादनं घाईघाईनं बिंब कंपनीला फोन लावला आणि फोन तिनं त्याच्या हातातून ओढून घेतला.

"मी वैजयंती शिंत्रे. माझं बिंब चुकीचं आहे. मला नवीन करायचंय."

पलीकडून यंत्राचा गोड आवाज आला, "आपला आवाज ओळखला. आपल्याला उत्तेजना वर्ज्य आहे. कृपया शांत व्हा आणि फोन खातेप्रमुखांकडे द्या."

"अगं ए, माझा देह आहे तो!"

"कृपया फोन खातेप्रमुखांकडे द्या."

तिनं फोन निनादच्या मांडीवर टाकला. तो विनंती नोंदवायला लागला आणि मध्येच थांबला. "आई, आणि पुन्हा लालच आलं तर?"

"तर ते माझं लाल असेल. माझं मी बघीन," ती म्हणाली. "आणि हे झालं की खातेप्रमुख बदल. माझ्या अंगठ्याला काय मेंदी लागलीय?"

गोळी मात्र तिनं रागाच्या भरात सोडली नाही. ती एवढी खुळी नव्हती. गावातल्या डॉक्टर मुजावरांकडे गेली आणि आधी सांगितलं, की पडदा बंद करा. त्यांनी बराच वेळ तिचं मनगट हातात धरलं, चार प्रश्न विचारले, जिना चढून यायला लावलं, जुन्या पद्धतीचा हृदयाचा आलेख काढला आणि गोळी हळूहळू उतरवत बंद केली. पेंग गेली. नव्या बिंबाच्या आदल्या रात्री ती गाढ झोपली आणि सकाळी तांब्याभर पाणी पिऊन, रिक्षा करून एकटी गेली. निनाद सोबत येतो म्हणाला होता. "तू राहू दे," असं तिनं त्याला सांगितलं.

बिंब हिरवं आलं. जुनं काढून टाकायचं का, असं पडद्यानं विचारलं तेव्हा ते बटण तिनं स्वतःच्या बोटानं दाबलं.

दिवाळीत गाडी तिनं चालवली. खंबाटकीच्या वळणावर शशिकांतनं डोळे मिटून घेतले, तरी ती काही बोलली नाही. खरं तर पूर्ण सहलीत ती घरच्यांशी जेवढ्यास तेवढंच बोलली. फराळ वाढला, रस्ता दाखवला, वेळेवर उठवलं. पण आत ठसठसत होतं ते ठसठसतच राहिलं. सापसुरळी झाली, गरगरा झाला, उलटी गंगा झाली. तिन्ही ठिकाणी बॅगा शशिकांतनं सांभाळल्या. त्याला तेच हवं होतं.

परतीच्या वाटेवर कडेलोट आला. घाटाच्या कड्यावरून उभा सुटलेला, खाली दरीत धुकं. निनाद तर चार दिवस त्याचीच वाट पाहत होता. त्यानं बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या, चष्मा काढून खिशात घातला. वैजयंतीनं नवऱ्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"तुम्ही जा, कुठंतरी चहा प्या," ती त्याला म्हणाली आणि सगळ्या बॅगा एकेक करून निनादच्या पायाशी ठेवल्या. वर चिवड्याचा डबा ठेवला.

"हे काय?"

"तू बस इथं."

"आई, चेष्टा करू नकोस. मी बसणार आहे कडेलोटवर!"

"तुझं बिंब आहे ना हिरवंगार? ते बसव. शेकडो वेळा बसव," ती म्हणाली. "बाक छान आहे. सावलीत आहे."

निनादनं ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजानं शांतपणे आपल्या चपला काढल्या, त्याच्या पायाशी ठेवल्या आणि सासूच्या मागं चालू लागली.

फाटक उघडलं. पहिला डबा, पहिली सीट. डबा कुरकुरत चढला, तशी तीन वर्षं गिळलेली एकेक गोष्ट वैजयंतीच्या छातीशी येऊन बसली. मागची सीट, पट्ट्यावरची अक्षरं, नवऱ्याचं राहू दे. शिखरावर डबा थबकला. समोर आभाळ, खाली काही नाही. हात तिनं मुद्दाम सोडले, ते वर गेले, आणि डबा सुटला तशी ती ओरडली. नुसती किंकाळी नव्हे. "पड गं बये, पड!" अशी आत्याची शिवी देत, दरी दणाणून टाकत ओरडली. पोटात खड्डा पडला आणि घर गेलं, दार गेलं, नाव गेलं. तळाशी अंगावर डोंगर बसला. हृदयानं एक जोराचा पंप मारला, मग दुसरा, मग तिसरा. ते काम तिला स्वतःला, आतून, कळत होतं.

खाली उतरून ती बाकापाशी आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि केसांचं टोपलं झालं होतं. निनाद बॅगांच्या गराड्यात, बायकोच्या चपला राखत बसला होता. त्याला पाहून तिचा राग पुन्हा जागच्या जागी येऊन बसला. तो गेलेला नव्हता, आणि एका कोस्टरनं जाणाराही नव्हता.

निनाद उठून उभा राहिला. बॅगेतली बाटली काढून, टोपण उघडून त्यानं पुढं केली.

"आई, पाणी हवंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बाटली घेतली आणि मान वर करून घटाघटा सगळी रिकामी केली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. बॅगांपाशी बसलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच मग त्याच्या तोंडून निघालं.

"कसं होतं?"

"बसल्याशिवाय नाही कळायचं," वैजयंती म्हणाली, रिकामी बाटली त्याच्या हातात दिली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.